ताटीबाहेर उभी राहिलेली मुक्ताई

श्रीज्ञानेश्वर माउलींची धाकटी बहीण मुक्ताबाई हिचा जन्म शके १२०१, म्हणजे इसवी सन १२७९, आश्विन शुद्ध प्रतिपदेचा, असे एक गणित सांगते. दुसरे गणित तो दोन वर्षे मागे नेते. विद्वानांचा हा वाद जुना आहे आणि आम्ही त्यात पडत नाही. कोणतेही गणित धरले तरी एवढे खरे की विशीच्या उंबरठ्यावरच हे आयुष्य संपले, आणि त्यातले बालपण सगळे वाळीत गेले. कीर्तनात आम्ही मुक्ताईला आदिशक्ती म्हणतो. म्हणावेच. पण आदिशक्ती म्हटले की श्रोते हात जोडतात, डोळे मिटतात, आणि त्या मिटल्या डोळ्यांपुढून ती लहान पोर निसटून जाते. आज आम्ही ती पोर सांगणार आहोत.

त्याला कारणही घडले. मोहाडी हे आमचे गाव. भंडारा आणि तुमसर यांच्या मधले. धानाची शेती, चौंडेश्वरी मातेचे देऊळ, आणि कार्तिकात पहाटेची काकडआरती. गेल्या कार्तिकात आरती आटोपल्यावर एक माउली आपल्या मुलीला घेऊन आमच्यापाशी येऊन बसली. पोरगी नववीतली. वर्गातल्या मुलींचा मोबाईलवर एक गट आहे म्हणे. हिने एका मैत्रिणीची खाजगी गोष्ट दुसरीला सांगितली, ती चहूकडे झाली, आणि एका रात्रीत हिला गटातून काढून टाकले. नुसते काढून भागले नाही; हिचा फोटो फिरवला आणि त्याखाली नाही नाही ते लिहिले. दुसऱ्या दिवसापासून बाकावर शेजारी कोणी बसेना, डबा खायला कोणी बोलावीना. ज्यांचे हिच्याशी काही वाकडे नव्हते त्या मुलीही गप्प. बोललो तर उद्या आपल्यालाही काढतील, ही भीती. पंधरा दिवस पोरगी खोलीची कडी लावून बसत होती. हिला काय सांगू, असे ती आई विचारीत होती. आम्ही तेव्हा मुक्ताईची कथा थोडक्यात सांगितली. येथे ती जरा सावकाश सांगतो.

विठ्ठलपंत कुळकर्णी हे गोदातीरी पैठणजवळच्या आपेगावचे. आळंदीच्या सिधोपंतांची कन्या रुक्मिणीबाई ही त्यांची पत्नी. विठ्ठलपंतांचा ओढा प्रपंचाकडे नव्हता. ते काशीस गेले आणि मागे पत्नी आहे हे न सांगता संन्यास घेऊन बसले. पुढे गुरू यात्रेच्या निमित्ताने आळंदीस आले, रुक्मिणीबाईने नमस्कार केला, त्यांनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला, आणि मग सारा उलगडा झाला. गुरूंनीच शिष्याला परत घरी धाडले. संन्याशाने पुन्हा संसार मांडला हे आळंदीस सहन झाले नाही. घर वाळीत पडले. त्या घरात निवृत्तिनाथ, ज्ञानदेव, सोपानदेव आणि मुक्ताबाई अशी चार लेकरे जन्मली. इंद्रायणीच्या पात्राजवळचे सिद्धबेट अजून दाखवतात. वस्तीबाहेर तेथे या कुटुंबाने दिवस काढले असे परंपरा सांगते.

आता पहा, अपराध, जर तो अपराध म्हणायचा असेल, तर बापाचा. शिक्षा आईला झाली. तिने तर काहीच केले नव्हते. आणि मग लेकरांना झाली. त्यांचे नावच संन्याशाची पोरे असे पडले. आम्हाला नेहमी वाटते की हे नाव मोठ्या माणसांनी घरात उच्चारले असेल आणि लहानांनी ते रस्त्यावर आणले असेल. मुलांच्या जगात बहिष्कार असाच उतरतो. पोर मुळातून दुष्ट नसते. घरात काय बोलले जाते ते ते ऐकते, आणि खेळताना वापरून पाहते.

निवृत्तिनाथांची मुंज करण्याची वेळ आली तेव्हा विठ्ठलपंत ब्रह्मवृंदापुढे गेले आणि प्रायश्चित्त मागू लागले. याला देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही, असा निर्णय झाला. येथे आमच्यासारख्या, लहानपणी पाठशाळेत घोकंपट्टी केलेल्या माणसाला थांबावे लागते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पतिताला बाहेर काढण्याचा विधी सांगितला आहे. नातलग जमतात, पाण्याने भरलेला घडा दासीकडून पायाने लवंडतात, आणि त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणे, बसणे बंद. घटस्फोट हा शब्द या विधीचा. आज आपण तो निराळ्या अर्थाने वापरतो. पण वाचणारे तेथेच पोथी मिटतात, आणि पुढचे श्लोक राहून जातात. त्याने प्रायश्चित्त पुरे केले की त्याच नातलगांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करायचे, नवा घडा पाण्याने भरून त्या पाण्यात सोडायचा, आणि मग त्याने आपल्या घरात शिरून पूर्वीसारखे सर्व व्यवहार करायचे, असे तेथेच पुढे आहे. म्हणजे बाहेर काढण्याचा विधी होता तसा आत घेण्याचाही होता. देहान्त प्रायश्चित्ताने तो दुसरा घडा भरण्याची सोयच उरली नाही. आणि आजच्या मोबाईलच्या गटाचे काय? बाहेर काढायला एक बोट पुरते. आत घेण्याचा विधी कोणी ठरवलेलाच नाही.

विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी प्रयागास जाऊन देह सोडला असे सांगतात. लेकरांना समाजाने पदरात घ्यावे म्हणून. कीर्तनात येथे सभा रडते, आणि आम्हीही तो प्रसंग आळवून सांगतो. पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. त्या दोन जिवांच्या जाण्याने काहीही साधले नाही. आळंदीने लेकरांना जवळ केले नाही. उलट, आधी वाळीत असलेली पोरे आता पोरकी झाली. मुक्ताई त्या वेळी अगदी लहान होती. पाण्याचा डोह कोणाचीही शुद्धी करीत नाही, मागे राहिलेल्यांच्या गळ्यात धोंडा तेवढा बांधतो. ज्या घरी पोर जेवत नाही, झोपत नाही, नकोसे झाले असे काही बोलते, त्या घराने ते अंगावरचे खूळ म्हणून सोडून देऊ नये. जवळ बसावे, विचारावे, एकटे ठेवू नये. १०९८ हा मुलांसाठीचा आणि १४४१६ हा मनाच्या दुखण्यासाठीचा सरकारी दूरध्वनी क्रमांक आहे. दोन्हींना पैसे पडत नाहीत. त्या फोनवर बोलण्यात कमीपणा नाही. वैद्याकडे जाण्यात आहे काय?

पुढे चारी भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणास गेली. रेड्यामुखी वेद बोलविल्याची कथा तेथली. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. ही कथा सर्वांना पाठ आहे, म्हणून आम्ही येथे रेंगाळत नाही. एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे की शुद्धिपत्राचा सगळा खटाटोप मुंजीसाठी, म्हणजे भावांसाठी होता. मुक्ताईच्या शुद्धीचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मुलीची मुंज व्हायची नव्हती. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढल्याचे कथेत कोठे ऐकू येत नाही. भावांना निदान कोणी नाकारले तरी. हिला कोणी नाकारायलाही पुढे आले नाही. असे विसरले जाणे हे वाळीत पडण्यातले सर्वांत खोलचे पाणी होय. बायका हे चटकन ओळखतील.

शुद्धिपत्र आले म्हणून माणसे लगेच बदलली, असेही झालेले दिसत नाही. कागदाने दरवाजा उघडतो, पण मन उघडत नाही. आपल्या महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा झाला आणि ३ जुलै २०१७ पासून तो अमलात आहे. जातपंचायतीने कोणाला वाळीत टाकले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. फार चांगले झाले. पण शाळेच्या बाकावर शेजारी कोण बसेल हे कोणताही कायदा ठरवू शकत नाही. तेथे मुक्ताईच लागते.

आता ताटीचा प्रसंग. तो नेवाशाच्या आधीचा की नंतरचा, हे निरनिराळे कथेकरी निरनिराळे सांगतात. ज्ञानदेव एकदा बाहेर गेले होते. कोणी म्हणतात माधुकरीला, कोणी म्हणतात स्नानाला. वाटेत कोणी तरी टोचून बोलले. काय बोलले ते कथेने राखून ठेवलेले नाही, आणि ते बरेच झाले. रोज ऐकत असलेलेच काही असेल. पण माणसाच्या सहनशक्तीचेही पात्र असते, आणि कोणत्या दिवशी ते भरून वाहील हे सांगता येत नाही. माउली परत आले, पर्णकुटीत शिरले, आणि दाराची ताटी लावून घेतली. आजच्या मुलांना ताटी ठाऊक नसेल म्हणून सांगतो: काड्यांचे, कामट्यांचे विणलेले, झोपडीच्या दाराला लावायचे झाप म्हणजे ताटी. तिला कुलूप नसते. लाथ मारली तर मोडते.

हे लक्षात घ्या. गावाने बाहेरून लावलेले दार एक, आणि माणूस आतून लावून घेतो ते दुसरे. पहिले उघडणे आपल्या हाती नसते. त्याला पैठण लागते, ब्रह्मवृंद लागतो, कागद लागतात. पण बहिष्काराचे खरे काम दुसऱ्या दाराने होते. जग मला टाकते म्हणून मीही जगाला टाकतो, असे जेव्हा पोर मनात म्हणते, तेव्हा वाळीत टाकणाऱ्यांचे काम पुरे झाले. आता त्यांना काही करावे लागत नाही. ज्ञानदेवांसारख्या ज्ञानियांच्या राजालाही ते दार एकदा लावून घ्यावेसे वाटले. म्हणून ज्या मुलामुलींना आज तसे वाटते त्यांना दुबळे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आम्ही तर म्हणतो, त्यांनी माउलींच्याच पंक्तीला बसावे.

ताटीबाहेर कोण आले? निवृत्तिनाथ गुरू होते, थोरले होते. त्यांनी आज्ञा केली असती तर ज्ञानदेवांना उघडावेच लागले असते. पण कथा त्यांना पुढे करीत नाही. पुढे आली ती सर्वांत धाकटी. जे भावाला ऐकावे लागले तेच तिलाही जन्मापासून ऐकावे लागले होते. तीच वाट, तीच माणसे, तेच शब्द. म्हणून तिचे बोलणे उपदेश झाले नाही. दुःखाबाहेरचा माणूस दुःखाविषयी बोलतो तेव्हा कितीही गोड बोलला तरी कानाला कोरडे लागते.

त्या वेळी मुक्ताईने जे आळवले ते ताटीचे अभंग म्हणून प्रसिद्ध आहे. निरनिराळ्या गाथ्यांत त्यांची संख्या वेगवेगळी मिळते. वारकऱ्यांना ते मुखोद्गत आहेत, म्हणून आम्ही येथे त्यांतले काही उतरून देत नाही. तिने काय केले एवढेच पाहतो. तिने ताटी ओढली नाही. आत शिरली नाही. तिला ते सहज जमले असते, कारण काड्यांचे दार ते. ती बाहेर उभी राहिली आणि उघडण्याचे काम त्याच्याकडेच ठेवले. आम्हाला या कथेतले सर्वांत मोठे शहाणपण हेच वाटते. हल्लीचे आईबाप काय करतात? दाराला धक्के देतात, मोबाईल हिसकावून घेतात, नाही तर दुसऱ्या मुलीच्या घरी भांडायला धावतात. की मग लक्ष देऊ नकोस, एवढे म्हणून शेतावर निघून जातात. लक्ष देऊ नकोस हे सांगणे म्हणजे काटा रुतलेल्याला काट्याकडे पाहू नकोस म्हणणे.

मुक्ताईने काटा नाही असे म्हटले नाही. लोक वाईट बोलतात हे तिने गृहीतच धरले. पण बोलणारे परके कोणी नाहीत, एकाच परमात्म्याचे पसरलेले अवयव आहेत, आणि आपल्याच अवयवावर सूड उगवून कोठे जायचे, हे तिने भावाला आठवून दिले. तो कोण आहे हेही आठवून दिले. बाहेरच्यांनी त्याला एक नाव दिले होते. तिने त्याचे खरे नाव त्याला परत दिले. आणि तिसरे म्हणजे ती थांबली नाही. एकदा हाक मारून निघून गेली नाही. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी शेवटी मागणे एकच, की ताटी उघड. रागावलेल्याची समजूत एका बैठकीत पडत नाही, हे त्या पोरीला कोणी शिकवले असेल?

ज्ञानदेवांनी ताटी उघडली. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवाशास प्रवरेच्या काठी ज्ञानेश्वरी पुरी झाली. सच्चिदानंदबाबा लेखक होते. माउलींचे वय तेव्हा पंधराच्या आसपास. ज्या तोंडाला लोकांनी विटाळ मानला त्या तोंडातून हा ग्रंथ निघाला, आणि त्याच्या शेवटी जे मागणे आहे त्यात दुष्टांचा नाश मागितलेला नाही, त्यांचा वाकडेपणा तेवढा जावा असे मागितले आहे. तेथे आम्हाला ताटीबाहेरचा आवाज ऐकू येतो. दुसऱ्या कोणाला येत नसेल तर आमचा आग्रह नाही.

विसोबाची कथा याच धाग्यातली. आळंदीत विसोबा चाटी नावाचे गृहस्थ होते. चाटी म्हणजे कापडाचे व्यापारी. या भावंडांचा त्यांना अतोनात द्वेष. एकदा निवृत्तिनाथांना मांडे खावेसे वाटले. आपल्या विदर्भात उपड्या मडक्यावर पसरतात ती लांब पोळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना सांगायला नको की त्याला मातीचे खापर लागते. मुक्ताई कुंभारवाड्यात खापर मागायला निघाली. विसोबांनी तिला अडवले आणि एकाही कुंभाराने हिला भांडे देऊ नये अशी तंबी दिली. कुंभारांचे तिच्याशी काही वैर नव्हते. पण त्यांनी दिले नाही. आमच्या नववीतल्या पोरीच्या वर्गात गप्प बसलेल्या त्या मुली आठवतात की नाही? बहिष्कार घालणारा एकच असतो. तो चालतो बाकीच्यांच्या मौनावर. एका कुंभाराने गुपचूप मागच्या दाराने खापर दिले असते तर विसोबांचे काय चालले असते?

मुक्ताई रडत घरी आली. ताटीपुढे भावाला समजावणारी हीच ती, आणि आज ती स्वतः रडते आहे. आम्हाला हे फार आवडते. जो दुसऱ्याला धीर देतो त्याला स्वतःला रडू येऊ नये, असा नियम नाही. ज्ञानदेवांनी काय केले? त्यांनी योगाग्नीने आपली पाठ तापवली आणि तीवर मांडे भाज म्हणून सांगितले. बहिणीने भावाच्या पाठीवर मांडे भाजले. चमत्कार मानणाऱ्याने मानावा. न मानणाऱ्यालाही यातली गोष्ट कळते, की गावाने भांडे नाकारले तेव्हा भावाने आपले अंग पुढे केले.

विसोबा चोरून पाहत होते. पाहता पाहता त्यांचा अहंकार वितळला, आणि ते धावत येऊन उष्टे उचलून खाऊ लागले. येथेच खरी कसोटी होती, आणि ती भावंडांची होती. ज्याने आयुष्यभर छळले तो पाया पडतो आहे. आता त्याला हाकलून देण्याची पाळी आपली आहे. हाकलले असते तर कोणी नावे ठेवली नसती. त्यांनी आत घेतले. विसोबा चाटीचे विसोबा खेचर झाले आणि मोठ्या अधिकाराला चढले. दुसरा घडा भरायचा तो असा.

यावरून कोणी असे समजू नये की मुक्ताई मऊ होती. तिच्या जिभेला धार होती. सर्व संत गोरोबाकाकांच्या घरी तेरला जमले होते. नामदेवराय त्यांत होते. वयाने मुक्ताईपेक्षा मोठे, कारण त्यांचा जन्म १२७० चा, आणि पंढरीच्या देवाचे लाडके. ते लाडकेपण त्यांच्या चालण्यात दिसत असावे. मुक्ताईने गोरोबाकाकांचे थापटणे पाहिले आणि हे कशाला, म्हणून विचारले. मडके पक्के की कच्चे ते यावर थापटून कळते, असे त्यांनी सांगितले. मग येथे बसलेल्यांतली कोणती कच्ची ते पहा, असे ती म्हणाली. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटले. सगळे शांत राहिले. नामदेवराय रागावले, आणि कच्चे ठरले. भर सभेत, सवंगड्यांसमोर.

अहो, हा काय कमी अपमान झाला? नामदेवराय रडत पंढरीला गेले आणि देवाजवळ गाऱ्हाणे केले. ज्यांना लोकांनी हिणवले त्यांनीच एकाला हिणवले असे कोणी म्हणेल, आणि वरवर पाहिले तर ते खोटे नाही. आम्हीही या प्रसंगावर पुष्कळ विचार केला आहे. आमचे मत असे की दोष दाखवणे आणि माणूस टाकणे या दोन गोष्टी आहेत, आणि मुक्ताईने पहिली केली, दुसरी केली नाही. कच्चे मडके कुंभार उकिरड्यावर फेकत नाही. ते भट्टीत जाते. नामदेवरायांनाही भट्टी दाखवली गेली. देवाने त्यांना औंढ्या नागनाथास, गुरूकडे जायला सांगितले. आणि तेथे देवळात गुरू म्हणून कोण भेटले? विसोबा खेचर. तेच, ज्यांनी मुक्ताईला खापर मिळू दिले नव्हते. त्या दिवशी आळंदीत विसोबांना दाराबाहेर उभे ठेवले असते, तर नामदेवरायांना गुरू कोठून मिळाला असता?

नववीतल्या मुलीची चूक होती. मैत्रिणीची गोष्ट तिने बाहेर सांगायला नको होती. ती चूक तिला कोणीतरी सांगायला हवी, तिने त्या मैत्रिणीजवळ जाऊन क्षमा मागायला हवी. पण चूक सांगणारा नंतर तिला बाकावर शेजारी जागाही करून देणारा हवा. नुसते थापटणे हातात घेतलेली मुले आज पुष्कळ झाली आहेत. भट्टी कोणाजवळ नाही.

पुढे नामदेवराय आणि ज्ञानदेव यांची तीर्थयात्रा झाली. या भावंडांच्या जन्माची, यात्रेची, समाधीची हकीकत आज आपल्याला जी माहीत आहे, तिचा मोठा आधार नामदेवरायांच्या नावावरची अभंगांची प्रकरणे हाच होय. ताहराबादच्या महिपतीबाबांनी १७६२ साली भक्तविजय लिहिला तो कितीतरी शतकांनंतर. ज्याला तिने कच्चे ठरवले, त्यानेच तिची आठवण जपली. त्याने मनात अढी धरली असती तर आज आम्ही काय सांगितले असते, कोण जाणे.

चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक आहे. चौदाशे वर्षे जगलेला योगी, आणि समोर पोरसवदा ज्ञानदेव. मायना आशीर्वादाचा घालावा की नमस्काराचा हे सुचेना, म्हणून कोरेच पत्र पाठवले. ते पाहून मुक्ताईने एवढी वर्षे जगून हा कोराच राहिला असा टोला मारला. ज्ञानदेवांनी उत्तरादाखल ६५ ओव्या लिहिल्या, ती चांगदेवपासष्टी. पुढे हेच चांगदेव मुक्ताईचे शिष्य झाले. वयाचा, सिद्धीचा, सर्पाचा चाबूक करून वाघावर बसण्याचा सगळा मान एका पोरीच्या पायाशी ठेवून. टोला मारणाऱ्या जिभेनेच त्यांना उपदेश केला.

मग एकेक जण निघून गेला. शके १२१८, म्हणजे १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशीस ज्ञानदेवांनी आळंदीस समाधी घेतली. पुढच्याच महिन्यात सोपानदेवांनी सासवडास. चौघांतली दोघे उरली. जिने ताटी उघडवली होती तिच्यापुढे आता समाधीची शिळा लागली, आणि त्या शिळेपुढे हाक मारून उपयोग नव्हता. मुक्ताई उदास झाली, तिचे अन्नावरचे मन उडाले, असे समाधीच्या प्रकरणांवरून दिसते. निवृत्तिनाथ तिला घेऊन उत्तरेकडे तापीच्या काठी आले. शके १२१९ च्या वैशाखात, १२९७ साली, मेहूण येथे एकाएकी आभाळ भरून आले, वीज कडाडली, आणि वीज सरल्यावर मुक्ताई तेथे नव्हती. निवृत्तिनाथ एकटे त्र्यंबकेश्वरी गेले आणि त्यांनी तेथे समाधी घेतली.

ते ठिकाण जळगाव जिल्ह्यात आहे. तालुक्याचे गाव पूर्वी एदलाबाद म्हणून ओळखले जाई, आता मुक्ताईनगर म्हणतात. जुने देऊळ कोथळीस, आणि मेहूणचे देऊळ निराळे. दोन्हींचे दर्शन घ्यावे. जवळच तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेवांचे प्राचीन दगडी मंदिर आहे. आषाढीसाठी मुक्ताईची पालखी येथून ज्येष्ठातच निघते, कारण पंढरीपर्यंतची वाट महिन्याहून अधिक दिवसांची आहे. दशमीस वाखरीला भावंडांच्या पालख्या भेटतात, आणि त्यांना घ्यायला पंढरीहून नामदेवरायांची पालखी सामोरी येते. आपल्या भागातल्या वारकऱ्यांना जायचे असेल तर रस्ता सरळ आहे. भंडाऱ्यावरून जाणारा हमरस्ता, पूर्वीचा ६ क्रमांकाचा आणि आताचा ५३, तोच नागपूर, अमरावती, अकोला, मलकापूर ओलांडून मुक्ताईनगरवरून पुढे जातो. रेल्वेने जाणाऱ्यांनी वरठीला भंडारा रोड स्थानकावर बसावे, भुसावळला उतरावे, आणि तेथून मोटारीने थोडे मागे यावे. मुलांना बरोबर न्यावे.